आपाची कडू कॉफी

आमच्या वॉर्डात ‘दमले’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. ही बंदी डॉक्टरांनी घातली नव्हती, आपाने घातली होती. एखादी नवी पोरगी खुर्चीत टेकून “आई गं, दमले” म्हणाली, की औषधांच्या ट्रॉलीवरून मान वर न करता आपा म्हणायची, “हळू बोल गं. पायांना ऐकू जातं.” तिचे स्वतःचे पाय संध्याकाळपर्यंत इतके सुजायचे, की चपलेचा पट्टा बसत नसे. मग ती पट्टा तसाच लोंबता ठेवून चालायची आणि कुणी बघितलं तर “फॅशन हाय” असं सांगायची.

कर्जतच्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात मी नर्स म्हणून लागले तेव्हा आपा तिथे इन्चार्ज सिस्टर होती. वयाने माझ्या आईएवढी, पण तिला अहो-जाहो केलेलं चालत नसे. घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं कोकणी मुसलमान. आजोबांच्या वेळेपासून खालापुरात. तिथे भावाचं पत्र्या-पाइपांचं दुकान होतं आणि आपा भावाच्याच घरी राहायची. लग्न का केलं नाही असं विचारलं, तर “वेळ झाला नाय” म्हणायची, जणू ते बँकेतलं एखादं काम होतं. चौक फाट्यावर रिक्षा बदलत ती रोज यायची आणि तिला उशिरा आलेली मी कधी पाहिली नाही.

सगळ्यांची ती आपाच, म्हणजे थोरली बहीण. कशेळ्याच्या वरच्या वाड्यांमधून जीपला लटकत आलेल्या बायासुद्धा दारातून “आपा हाय का?” असंच विचारत. एकदा अशीच एक आई तापलेल्या लेकराच्या खाटेशी सकाळपासून उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. आपाने आपलं स्टूल तिच्यामागे नेऊन लावलं, खांद्याला धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, “तू हुबी राहिलीस म्हनून ताप उतरनार हाय का, बाय? बस. मी हाय हुबी.” मग खरोखरच ती उभी राहिली. तिच्याकडचं प्रत्येक स्टूल असं दुसऱ्याच्या बुडाखाली जायचं. दिवाळीत आमच्या ड्यूट्या ती करायची. ईदला आम्ही हट्टाने तिला सुट्टी दिली, तर दुपारी शीरखुर्म्याचा डबा घेऊन वॉर्डात हजर! डबा ठेवला आणि लागलीच हात धुऊन ड्रेसिंगला बसली.

अशा बाईला स्वतःसाठी काही हवंसं वाटलं, ही मला तेव्हा बातमी वाटली होती. पळसदरीला एका बंगल्यातल्या आजींना इंजेक्शनं द्यायला ती काही दिवस जात होती. तिथल्या मुलाने एका सकाळी मशीनवर एस्प्रेसो कॉफी काढून तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात आली ती तेच सांगत. “एवढासा कप गं, आपल्या औषधाच्या टोपनाएवढा. कडू. पन चव घरी पोचेपर्यंत तोंडात होती. वंदे, किती वर्सांनी मला जाग आल्यासारखी वाटली.” तिच्या आवाजात कसलीशी चोरी होती. मी म्हटलं, घे की मग एक मशीन. ती घाबरल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “माझ्या एकटीसाठी?”

तो पावसाळा आमचा मशीन निवडण्यात गेला. सकाळी रात्रपाळीचा चार्ज देऊन झाला की मागच्या खोलीत बँडेजच्या गठ्ठ्यांवर फोन टेकवून आम्ही दोघी व्हिडिओ बघायचो. डोळे मिटत असायचे, आणि समोर कुणीतरी दाढीवाला पोरगा कॉफीवर तासभर बोलत असायचा. “याला घरी कुनी बोलू देत नसंल,” आपा म्हणायची, पण व्हिडिओ बंद करू द्यायची नाही. स्वस्तातली काही मशीनं नुसत्या वाफेवर चालतात, नाव एस्प्रेसोचं आणि चव काढ्याची, हे आम्हाला तिथेच कळलं. पंपाची घ्यावीत तर प्रत्येक खोक्यावर प्रेशरचा आकडा हा एवढा मोठा. ज्याचा आकडा जास्त ते चांगलं, असं मी धरून चालले होते. आपा म्हणाली, “बीपी जास्त असलेला मानूस जास्त चांगला असतो का गं?” त्यानंतर मी आकड्यांचं नाव काढलं नाही.

सगळे दाढीवाले एका गोष्टीवर मात्र ठाम होते. मशीन साधं चालेल, पण बिया दळायचा ग्राइंडर चांगला हवा. बजेटमधला मोठा वाटा त्यालाच द्या. हे काही आपाला पटेना. “म्हंजे नवरीपरीस करवलीचा शालू भारी!” तिने जमवलेले सगळे पैसे मशीनवर घातले आणि वर मलाच समजावलं, “दळायची कसली काळजी? आपल्याकडं गिरन्या कमी हायत का?” मलाही ते रास्त वाटलं. आमच्याकडे तांदूळ गिरणीत जातो, मसाला गिरणीत जातो, शिकेकाईसुद्धा गिरणीत जाते. कॉफीने काय घोडं मारलंय?

मशीन आलं माझ्या पत्त्यावर. हॉस्पिटलच्या मागच्या चाळीत माझी भाड्याची खोली होती आणि मी एकटीच राहायचे. आधी मिक्सर करून पाहिला. अर्धी पूड झाली, अर्धे तुकडे राहिले, आणि मशीनमधलं पाणी त्यातून नळासारखं धो धो खाली आलं. मग माझ्या गावी कडावला गिरणी होती, तिथे मी बिया घेऊन गेले. गिरणवाल्या मावशींनी बिया हातात घोळवल्या आणि विचारलं, “कसलं गं हे? करपलेलं कडधान्य?” आधीचा मसाला निघून जावा म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे मूठभर तांदूळ फिरवून घेतले आणि मग आमची कॉफी पिठासारखी मऊ दळून दिली. मी खुशीत परत आले.

ती कॉफी घातल्यावर मशीन कण्हायला लागलं. बऱ्याच वेळाने लालसर, दाट असे काही थेंब पडले. आपाने ते सगळे प्यायले. खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसलं आणि म्हणाली, “कॉफी नाय झाली, पन सर्दी मोकळी झाली.” त्याच संध्याकाळी आईचा फोन. “काय दळून नेलंस गं तू? तुझ्यामागून ज्यानी ज्यानी पीठ दळलं त्यांच्या भाकऱ्या कडूजहर झाल्यात. गिरनवाली मला बघून तोंड फिरवते!” हे ऐकून आपा जी हसत सुटली ती खाटेवर आडवीच झाली. तिला आडवी झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

शेवटी ग्राइंडर घ्यावाच लागला. विजेचा चांगला परवडत नव्हता आणि परवडणारा काही कामाचा नव्हता. उरला हाताने फिरवायचा. माझा त्याला विरोध होता, कारण पेशंट उचलून उचलून आपाचा उजवा खांदा कामातून गेला होता. केस बांधतानाही तिला डावा हात लावावा लागे. “मशीन दिवानखान्यात आनि दळन जात्यावर,” म्हणत तिने तोच मागवला. खाटेवर बसायची, ग्राइंडर गुडघ्यांत धरायची आणि डाव्या हाताने सावकाश फिरवायची. त्याच्या बुडाला जाड-बारीक करायचं एक चाक होतं. ते एक घर पुढे, एक घर मागे असं करत तिने कितीतरी सकाळी घालवल्या. कप लावला की सलाईनच्या थेंबांकडे बघावं तशी धारेकडे बघत राहायची. एका सकाळी धार उंदराच्या शेपटीसारखी बारीक, तपकिरी पडली. तिने घोट घेतला आणि कप माझ्याकडे न देता सगळा संपवला. मला तेव्हा फार बरं वाटलं.

जमलं म्हणून आपाने मशीन घरी नेलं आणि तिथेच घोटाळा झाला. तिच्या घरात वाईट कुणीही नव्हतं. भावाला बहिणीचं कौतुक होतं, भाभीला तर त्याहून जास्त. म्हणूनच आला-गेला कुणीही असो, भाभी हाक मारायची, “आपा, तुमची कॉफी पाजा ना यांना!” एका रविवारी मी खालापूरला गेले होते. बैठकीत दुकानाचे पाहुणे गप्पा मारत बसले होते आणि आत आपा ओट्याशी उभी राहून एकामागून एक कपासाठी बिया दळत होती. उजवा खांदा आखडून कानाजवळ आला होता. सगळ्यांना कप गेले, मलाही आला. तिच्यापुरत्या बिया उरल्या नव्हत्या. “आपा, तुझी?” मी विचारलं. रिकामा डबा विसळत ती म्हणाली, “मला आता वासच नको वाटतो गं.” मी माझा कप तिच्यापुढे धरला, तर तिने तो हळूच परत सारला. इतकं दमलेलं तोंड मी वॉर्डात कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती मशीन चादरीत गुंडाळून एसटीने कर्जतला घेऊन आली. “तुझ्याकडं राहू दे.” घरी सांगितलं, रिपेरीला टाकलंय. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खोटं बोलली असेल, पण बोलली ती पक्कं. भाऊ विचारायचा तेव्हा पार्ट मिळत नव्हता. पुन्हा विचारायचा तेव्हा पार्ट परदेशातून निघाला होता. ड्यूटी संपली की ती माझ्या खोलीवर येई, दार लोटून घेई आणि स्वतःची कॉफी करून घेई. पहिल्या दिवशी मी सवयीने हात पुढे करून बसले होते. आपाने आपला कप उचलला, भिंतीला पाठ लावली आणि म्हणाली, “तुझी तू कर. इथं मी कुनाची आपा नाय.” मग मी उठून माझी केली. ती इतकी वाईट झाली, की आपाने ‘टाकू नको’ सांगूनही मला ती संपवता आली नाही.

त्या भिंतीपाशी आम्ही फारसं बोलत नसू. बोलण्याएवढी ताकदच उरलेली नसायची. कधी ती एवढंच म्हणायची, “आज खांद्याने जीव काढला.” वॉर्डात जे म्हणायची बंदी, ते माझ्या खोलीत चालायचं. कप रिकामा झाला, की थोडा वेळ तो तसाच हातात धरून बसायची, आणि मग उठून चौक फाट्याची रिक्षा पकडायची.

खांद्याने खरंच जीव काढला. हात वर जाईना, तेव्हा डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून साडी दिली. भाऊ-भाभी आले होते. भाभी रडत रडत म्हणाली, “बस झालं आता. आपांनी घरी निवांत राहायचं. मलाही तेवढाच हातभार होईल, पोरांकडे बघायला कुणीतरी हवंच.” त्या बोलण्यात माया होती, खोट नव्हती, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. आपा सगळ्यांना हसून हो म्हणत होती.

मला वाटलं, मशीन आता माझ्याकडेच राहणार. त्या घरात ते नेऊन तिला काय मिळणार होतं? आणि तिच्या सगळ्या वस्तू शेवटी दुसऱ्याच्याच होतात, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर ते ठेवून घ्यायला मी मनातून हो म्हणून बसले होते. दुसऱ्या दिवशी ती आली, कॉफी प्यायली, मशीनमधलं पाणी ओतून टाकलं, जाळी पुसली, ग्राइंडर फडक्यात गुंडाळला आणि सगळं एका पिशवीत भरू लागली.

“आपा, घरी नेलंस की परत तेच सुरू होईल,” मी म्हटलं.

“घरी नाय नेत.” ती पिशवीची गाठ मारत होती. “पळसदरीला खोली बघितली हाय. स्टेशनच्या अंगाला. भाड्याची.”

“एकटी राहणार?”

“या वयात आनखी कुनाला शोधू?”

“भावाला सांगितलंस?”

“सकाळी सांगितलं. जेवला नाय. भाभी तर बोलतच नाय.” तिचे डोळे भरले होते, पण हात थांबले नव्हते. “लई वाईट वाटतंय गं, वंदे. पन मी चालले.”

मला तिचा राग आला, कौतुक वाटलं आणि रडूही आलं, सगळं एकदम. एवढ्या वर्षांत या बाईने जे जे होतं ते कुणाच्या ना कुणाच्या हातात दिलं, आणि आज ही एक पिशवी ती मला देत नव्हती. रिक्षापर्यंत मी ती उचलू म्हटलं, तर तेही नको म्हणाली. डाव्या हातात पिशवी घेऊन रिक्षात बसली आणि ती मांडीवर ठेवली. मी म्हटलं, “कधी येऊ भेटायला?” दुनियेला कधीही या म्हणणारी आपा जरा विचारात पडली. मग म्हणाली, “मी बोलवीन तवा ये.”

पावसाळा गेला, थंडीही निघत आली. भाऊ-भाभी मध्यंतरी जाऊन आले, भाभीचा अबोला सुटला असं कळलं. आता इन्चार्ज मी आहे. नव्या पोरी माझ्यासमोर दमले म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही, कारण मलाच म्हणावंसं वाटत असतं. सकाळी खोलीवर आले, की कुलूप काढायच्या आधी फोन बघते. आपाचा नसतो. वाईट वाटतं, नाही असं नाही. मग आत जाऊन गॅसवर चहाचं आधण ठेवते आणि भिंतीला टेकून बसते. पळसदरीला या वेळी ती आपला कप घेऊन बसली असेल. तिने मला इतक्यात बोलवू नये, असंही मला वाटतं.