खिडकीच्या गजाला बांधलेली बाटली

भाचीचा फोन आला. "मामा, बाबांना थोडं बरं नाहीये, तुम्ही जरा लवकर या." तेव्हाच मी ओळखलं. थोडंच बरं नसेल तर माणूस आवाज इतका सांभाळून बोलत नाही. मी जन्माचा संशयी. दूधवाल्याने माप भरून घातलं तरी मला वाटतं, आज याचा काय डाव आहे? विद्यानगरहून चिक्कडपल्लीला ऑटोने पोचेपर्यंत मनाला सारखं बजावत होतो की अरे, तुझे संशय नेहमी खोटेच निघतात... त्या दिवशी मेला खरा निघाला. दाजी गेले होते. सकाळी माशांना खाणं घातलं, खुर्चीत टेकले आणि उठलेच नाहीत. सव्वा महिना होऊन गेला त्याला. लिहायला आज बसलोय, कारण एक गोष्ट त्यांना सांगायची राहून गेली आणि ती माझ्या घशाखाली उतरत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सरकारी कारखान्यात सुपरवायझर होते. मग देशाचे दरवाजे उघडले, दुकानांत नाही नाही ते परदेशी सामान आलं, आणि कारखान्यात मुदतीआधी घरी बसायची योजना आली. दाजींनी कुणालाही न विचारता सही ठोकली. अक्काने विचारलं, "आता दिवसभर काय करणार?" तर म्हणे, "मासे पाळणार." तिला वाटलं, थट्टा करताहेत. पंधरा दिवसांत मागच्या खोलीत पलंगाएवढी काचेची टाकी आली, आणि मद्रासहून पिशवीत पाच डिस्कस मासे आले. ताटलीसारखे चपटे, निळ्या रेघांचे आणि भारी नाजूक. त्यांना पाणी ऊन लागायचं, टाकीतल्या झाडांना बेताचं. झाडांना लख्ख उजेड हवा, तर मासे उजेडाला बुजायचे. "दोघांनाही थोडं थोडं नाराज ठेवायचं वसंतराव," दाजी म्हणायचे, "म्हणजे दोघं जगतात." मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, नोकरी सोडलेल्या माणसाचं डोकं फिरलंय.

तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, विद्यानगरला खोली करून राहायचो आणि रविवारी अक्काकडे जेवायला जायचो. अशाच एका रविवारी मला तो वास आला. आंबूस, गोडसर. हा वास अक्काला आणि मला कुणी ओळखून सांगावा लागत नाही. आमचे आबा शिंदी पीत. आमचं उदगीरचं बालपण त्या वासातच गेलं, आणि शेवटी आबाही त्यातच गेले. त्यातून त्या दिवसांत आंध्रात दारूबंदी, चोरून घरी गाळणाऱ्यांच्या बातम्या रोजच्या. मी नजर ठेवायला लागलो. दाजी अफझलगंजहून किलोकिलो साखर आणत. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव फुगवायच्या खमिराची पुडी आणत. खोलीचं दार लावून घेत. मी आत डोकावलो की म्हणत, "नक्को वसंतराव, आत येऊ नका, दचकतात ते." एकदा पडद्याआड दिसली ती थंड पेयाची मोठी प्लॅस्टिकची बाटली, नवीनच निघाली होती तेव्हा. तिच्या बुचातून सलाईनची नळी निघालेली. आता मला सांगा, माणसाने काय समजायचं?

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर दाजी पान आणायला बाहेर गेले, तसा मी खोलीत शिरलो. बाटलीचं बूच उघडलं, हुंगलं. पण माझ्यासारख्याला पुरावा लागतो ना! चांगला मोठा घोट घेतला. आंबट, गोड, जिभेला चरचरणारा... थेट आबांची शिंदी. तेवढ्यात बाहेर दाजींच्या चपला वाजल्या. घाईत बूच लावलं, बाटली टाकीच्या स्टँडखाली आडवी सारली आणि बाहेर सटकलो. स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "अक्का, आबांचंच परत सुरू झालंय बघ." ती संध्याकाळचं पीठ मळत होती. हात तसेच परातीत राहिले. वास तिलाही येत होता, माशांचा असेल म्हणून ती मनाला समजावत होती. त्या रात्री ती नवऱ्याशी बोलली नाही, जेवलीही नाही. मी तिथेच मुक्कामाला, कारण संध्याकाळपासून माझं पोट असं बिघडलं होतं की घर गाठणं शक्यच नव्हतं. दाजींनी स्वतः ताक आणून दिलं. "बाहेर काही खाल्लंत का वसंतराव?" मी म्हणालो, नाही. मनात आलं, हा असं का विचारतोय?

सकाळी टाकीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. पाचही मासे तळाला आडवे. दाजी काचेवर तळहात टेकून उभे होते, आणि इकडे अक्काचा बांध फुटला. "मेले ते बरं झालं! माझ्या घरात दारू आंबवता? माझा बाप कसा गेला ठाऊक असून?" दाजींनी काचेवरचा हात काढला. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. साखरेत खमीर घातलं की गॅस सुटतो, नळीतून बुडबुडे पाण्यात जातात आणि झाडं तो गॅस खातात. अबिड्सच्या फुटपाथवरच्या जुन्या मासिकात त्यांनी वाचलं होतं. बाटली आडवी झाली की मात्र गॅसऐवजी आतलं पाणीच नळीतून टाकीत जातं... "मला आधी का नाही सांगितलं?" अक्का रडत म्हणाली. "या वासाचं तुला कोणत्या तोंडाने सांगू?" ते म्हणाले. मग त्यांनी स्टँडखाली पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. खिडकीला जाळी, दार लावलेलं, आणि दाजी म्हणाले, "मांजर असेल."

मी बोललो नाही. लाज वाटली, सरळ सांगतो. पुढे दुसरे मासे आले, दाजींनी बाटली दोरीने खिडकीच्या गजाला बांधून टाकली, आणि दर रविवारी खाण्याचा डबा माझ्या हातात ठेवायला लागले. "घाला वसंतराव, तुमच्या हातून खातात." इतकी वर्षं मी तो डबा घेत आलो आणि दर वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत आलो. याला ठाऊक आहे का? मला मुद्दाम टोचतोय का? त्यांच्या चांगुलपणावरही संशयच घेतला मी.

परवा गेलो तर मासे होते, झाडं होती, बाटलीतले बुडबुडे मात्र थांबले होते. अक्का म्हणाली, "नवीन करून दे, मला जमत नाही." दोरी सोडता सोडता मी एकदाचं बोललो, "अक्का, ते मांजर नव्हतं गं."

"हौ की," ती म्हणाली. "मांजराला कुठं जुलाब होतात? त्याच दिवशी मला म्हणाले होते." मग डोळे पुसत म्हणाली, "आणि म्हणाले, विचारू नको त्याला. आज ना उद्या येऊन आपणहून सांगेल. दर रविवारी तू गेलास की म्हणायचे, आजही नाही बोलला बघ."

मी साखर घातली, खमीर घातलं, बूच घट्ट लावलं. बाटली त्याच दोरीने गजाला बांधली आणि वर एक गाठ जास्तीची मारली. माझा मला भरवसा नाही.