कडू घासाला जोसेफ

आमच्या शिनोलीत फौजेतल्या कुणालाही मेजरच म्हणतात. आमच्या गल्लीतले मेजर खरं तर हवालदार, आणि ते दर वेळी सांगणारच, "हवालदार हाय मी. फुकटचं प्रमोशन देऊ नका, पगार वाढत न्हाई." रजेवर आले की भरतीची तयारी करणाऱ्या आम्हा पोरांना घोडेगावच्या रस्त्यावर पळवायचे. दम लागून मी बसलो की म्हणायचे, "बस, बस. दुश्मनाला सांगू, पावणं जरा दमल्यात." लई हसायचो आम्ही!

यंदा मात्र मेजर आले ते संतोषदादाची शवपेटी घेऊन. दादा आमच्याच गल्लीतला, त्यांच्याच तुकडीत. बराकीत ईशान्येकडच्या एका जवानाला काही जण चेहऱ्यावरून, खाण्यावरून सारखं चिडवायचे. भांडणं, मारामाऱ्याही झाल्या होत्या. एका पहाटे तो पहाऱ्यावरून आला आणि झोपलेल्यांवर गोळ्या झाडत सुटला. दादासकट कितीतरी गेले. दादा चिडवणाऱ्यांतला नव्हताच.

पेटीसोबत आलेल्या जवानांत जोसेफ होता. तोही ईशान्येकडचा. दादाला अग्नी दिला. मग दादाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. मयताच्या घरात चूल पेटत नाही ना, घरचे हाच कडू घास खातात. मेजरांनी जोसेफला थेट दादाच्या वडलांशेजारी, तात्यांशेजारी बसवलं. आणि भडकाच उडाला राव!

"उठवा त्याला!" दादाचा चुलतभाऊ ओरडला. "त्या मारणाऱ्याच्यातलाच हाय ना ह्यो? भाईर काढा, न्हाईतर आमी काढतो!"

पोरं पुढं सरकली. मेजर जागचे हलले नाहीत.

"मग ह्यानं काय केलं ते तरी सांगा. वाचवलं का दादाला?" चुलतभावानं विचारलं.

"न्हाई. झोपला व्हता. मीबी झोपलो व्हतो. मलाबी उठवा की," मेजर म्हणाले.

जोसेफला मराठी येत नव्हतं, पण कळलं सगळं. तो उठायला लागला. तात्यांनी त्याचा दंड धरला, भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. चुलतभाऊ तरातरा बाहेर गेला.

रजा संपल्यावर मेजर परत निघाले. त्याच बराकीत! एसटीपाशी मी विचारलंच, "मेजर, भ्या नाय वाटत?"

"वाटतं की," ते म्हणाले. "पण जोसेफच्या शेजारच्या खाटंवर आता कुणी झोपंना झालंय. तिथं मी जाणार हाय."