शिरा खाऊन ऑपरेशनला

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाचा निर्णय मी तीन वेळा घेतला, आणि तिन्ही वेळा वेगळा घेतला.

तसं पाहिलं तर मी ठाम बाई आहे. निदान शाळेत तरी तसा समज होता. चौथीच्या वर्गात मी एकदा 'नाही' म्हटलं की पोरं दुसऱ्यांदा विचारत नसत. पण घराचा उंबरठा ओलांडला की माझ्या तोंडून 'हो' शिवाय दुसरं अक्षर निघत नसे. घर जबलपूरच्या कांचघर भागात. नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती, त्या काळी माझे सासरे बदली होऊन इथे आले होते. पुढे राज्यं वेगळी झाली, सासरे राहिले ते राहिलेच! माहेर मात्र नागपूरला.

नववा महिना संपत आला तेव्हा चेरीतालच्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवलं. मिनूच्या, म्हणजे माझ्या मोठीच्या वेळेला सिझर झालं होतं. त्याला आता चार वर्षं झाली होती.

"देखिए संध्याजी," मॅडम म्हणाल्या, "बच्चा सीधा है, पुराना टाँका भी ठीक लग रहा है। दर्द अपने आप शुरू हों तो नॉर्मल की कोशिश कर सकते हैं। हमारी नज़र रहेगी, ज़रूरत पड़ी तो तुरंत ऑपरेशन। या फिर सीधे तारीख तय करके ऑपरेशन। थोड़ा-थोड़ा खतरा दोनों में है। आप क्या चाहती हैं?"

"आप जो ठीक समझें।"

"मैं तो दोनों ठीक समझ रही हूँ। इसीलिए तो पूछ रही हूँ!"

मी मिनूच्या बाबांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक एवढ्या लक्ष देऊन वाचत होते, जणू उद्या त्यांचीच लस आहे.

शेवटी मॅडमनी तोडगा काढला. पुढच्या सोमवारी त्यांच्या ऑपरेशनच्या यादीत माझं नाव पेन्सिलने लिहिलं. "सोमवार सुबह खाली पेट आ जाइए। तब तक सोच लीजिए। मन बदले तो रबर मेरे पास है।"

खरी गोष्ट अशी की मला दोन्हीची भीती वाटत होती. मिनूच्या वेळी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कळा सोसल्या, आणि मग अचानक धावपळ होऊन मला ऑपरेशनला नेलं. म्हणजे दोन्ही बाजूंचं मला एकाच दिवसात मिळालं होतं! त्यानंतर पंधरा दिवस मला शिंक आली की घाम फुटायचा. आमच्या घरात कोणी विनोद केला तर मी हात जोडायची. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नव्हतं, ते तर अजून आत कुठेतरी टोचत होतं. आणि आता विचारलं, तर मला उत्तर येत नव्हतं.

घरी आलो. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, दारातच उभ्या.

"काय म्हणते डॉक्टरीण?"

"नॉर्मल होऊ शकते म्हणे, अक्का."

यापुढे मी 'पण' म्हणून पुढचं वाक्य सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते! पण अक्कांचा चेहरा असा उजळला की ते 'पण' माझ्या घशातच राहिलं. अक्कांची स्वतःची पाच बाळंतपणं घरीच झालेली. (त्यातल्या एका वेळी त्या म्हणे पोळ्या लाटत होत्या, आणि बाळ झाल्यावर उरलेल्या कणकेचं काय झालं हे त्यांना बाळाच्या वजनापेक्षा नीट आठवतं.) दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मला अंगणात पन्नास फेऱ्या सुरू झाल्या. कुंपणापलीकडून शेजारच्या दुबे भाभी मोजायच्या. कांचघरात भाजीवाल्यापर्यंत बातमी गेली की संध्या बहूचं यंदा नॉर्मल आहे.

त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाआधी नागपूरहून आईचा फोन आला.

"संध्ये, मी सांगून ठेवते. मागच्यासारखं नको. सरळ तारीख घे आणि मोकळी हो."

"हो आई. सोमवारची घेतली."

"घेतली? चला, माझ्या जिवाला घोर नाही राहिला! मी रविवारी येऊन राहिली."

फोन ठेवला आणि मी विचार केला, यात मी खोटं कुठे बोलले? नॉर्मल होऊ शकतं, हे खरं. सोमवारी नाव आहे, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी मी फक्त वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या होत्या!

राहिले मिनूचे बाबा. ते फॅक्टरीत तपासणी विभागात. तिथे प्रत्येक वस्तू 'पास' तरी होते नाहीतर 'फेल'.

"एक काय ते ठरव ना. म्हणजे मलाही कळेल काय सांगायचं."

"कोणाला सांगायचं?"

"सेक्शनमध्ये विचारून राहिले सगळे. मी सहज विषय काढला होता."

"सहज? माझ्या बाळंतपणाचा?"

"जेवणाच्या सुट्टीत. शर्माजी नॉर्मल म्हणतात, स्टोअरवाले पटेल ऑपरेशन म्हणतात. दोघांचं आता बोलणं बंद आहे."

मी कपाळाला हात लावला आणि त्यांना तिसरंच उत्तर दिलं, "आधी वाट पाहू, मग बघू."

"ठीक," ते म्हणाले आणि निश्चिंत झोपले. अशा रीतीने माझी तीन माणसं तीन निर्णयांवर समाधानी होती. बेचैन फक्त मी होते, आणि माझ्या पोटात कोणीतरी लाथा मारत होतं, बहुधा वैतागून.

रविवारी आई आली. आता कसोटी अशी होती की आई आणि अक्का या दोघींना एकत्र एकटं सोडायचं नाही. मी नऊ महिन्यांचं पोट घेऊन त्या दोघींच्या मध्ये दिवसभर बसून होते. आई उठली की मी उठायची, अक्का स्वयंपाकघरात गेल्या की मी मागून.

"हिला झालं काय व?" आईने अक्कांना विचारलं. "सारखी मागे मागे फिरून राहिली."

"फिरू द्या," अक्का कौतुकाने म्हणाल्या. "चालणं चांगलंच असते."

"उद्याच्या आधी थोडा आराम केला असता तर..."

"उद्या काय तपासणीच तर आहे!"

"आई, तुझी बॅग कुठे ठेवली गं?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मिनू दचकून रडायला लागली. त्या रडण्याने मला वाचवलं.

सोमवारी सकाळी आई आंघोळीला गेली होती. अक्कांनी माझ्यासमोर वाटी ठेवली. तुपात न्हालेला शिरा, वर वेलदोडा.

"खाऊन घे. तिथे किती वेळ लागते काय माहीत."

"अक्का, भूक नाही."

"भूक काहून नाही? लेकराला तर आहे ना!"

त्या समोर पाटावर बसून माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. आता काय सांगायचं? उपाशी राहायचं तर कशासाठी, हे सांगावं लागलं असतं. मी एक घास घेतला. मग दुसरा. खोटं कशाला बोलू, शिरा फार सुंदर झाला होता! वाटी स्वच्छ झाली. तेवढ्यात आई केस पुसत बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "पाणीसुद्धा नाही ना घेतलं?"

मी तोंड पुसत मान हलवली. ती मान नेमकी कुठल्या दिशेने हलली, ते मलाही सांगता आलं नसतं.

नर्सिंग होमच्या व्हरांड्यात आम्ही ओळीने बसलो. मी मध्ये, दोन बाजूंना दोघी, टोकाला मिनूचे बाबा. मिनूला दुबे भाभींकडे सोडलं होतं. नर्स कागद घेऊन आली.

"संध्या जी कौन? ऑपरेशन वाली? सुबह से कुछ खाया-पिया तो नहीं?"

"एक बूँद पानी नहीं!" आई अभिमानाने म्हणाली.

"कटोरी भर शिरा!" अक्का तेवढ्याच अभिमानाने म्हणाल्या. "घी वाला!"

दोघींनी माझ्या डोक्यावरून एकमेकींकडे पाहिलं.

"शिरा?" आई म्हणाली.

"ऑपरेशन?" अक्का म्हणाल्या.

"आधी वाट पाहायची होती ना?" टोकावरून मिनूचे बाबा म्हणाले.

नर्सने कागद छातीशी धरला. "आप लोग पहले आपस में तय कर लीजिए," असं म्हणून ती मॅडमना बोलवायला गेली.

मॅडम आल्या. त्यांनी तिघांना बाहेरच थांबवलं, मला आत घेतलं आणि दार लावलं. मला वाटलं आता रागावतील. वर्गात मी पोरांना जसं उभं करते, तशी मी उभी राहिले. पण त्यांनी स्टूल ओढून मला बसवलं आणि पाण्याचा ग्लास दिला.

"आज तो अब होगा नहीं, आप नाश्ता करके आई हैं। अब बाहर वालों को छोड़िए। आपको क्या चाहिए?"

आणि मला रडू आलं. शिऱ्याचं नाही, त्या प्रश्नाचं. रडता रडता मी जे बोलले, ते मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. मला कळा यायला हव्या होत्या. बाळ आपल्या वेळेने यावं असं वाटत होतं. पण मागच्यासारखं दिवसभर ताणून शेवटी धावपळ नको होती. मी थांबा म्हटलं की थांबायचं, 'थोडी और हिम्मत करो' असं कोणी म्हणायचं नाही.

"बस? इतनी सी बात?" मॅडम म्हणाल्या. "शुक्रवार तक राह देखते हैं। दर्द आए तो फौरन यहाँ। न आए तो शुक्रवार को ऑपरेशन। और बीच में आप रुकने को कहेंगी, तो रुकेंगे।"

त्यांनी पेन्सिल घेतली, सोमवार खोडला, शुक्रवार लिहिला.

बाहेर येऊन मी तिघांसमोर सगळं कबूल केलं. आईचे डोळे भरले. "मला काय तुला कापायची हौस आहे का गं? मागच्या वेळी तुला नेलं तेव्हा तुझा हात बर्फासारखा होता. तो अजून माझ्या हातात आहे."

अक्कांनी पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाल्या, "तू खुश दिसली म्हणून मी खुश झाली व. मी काहून जबरदस्ती करीन? माझी पाच झाली, पण कसं पाहिजे म्हणून मला कोणी एकदाही नाही विचारलं. तुला विचारून राहिले, तर सांगत जा ना बाई!"

या प्रसंगानंतर त्या दोघींचं असं गूळपीठ जमलं की विचारू नका. कारण आता त्यांना बोलायला एक समान विषय मिळाला होता: मी.

बुधवारी सकाळी दोघी मिळून तिलवाऱ्याला नर्मदेवर गेल्या. माझ्या नावाने दिवा सोडायला. रविवारी दिवसभर मी त्यांना एकत्र येऊ दिलं नव्हतं; आता त्या एकत्र गेल्या आणि नेमक्या तेव्हाच मला कळा सुरू झाल्या! मी मिनूची वेणी घालत होते. एक वेणी झाली, दुसरी अर्धी राहिली. दुबे भाभींना हाक मारली. त्यांनी मिनूला आपल्या जाऊबाईंकडे दिलं, फॅक्टरीत फोन केला, ऑटो थांबवला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, गड्ढे देख के! इनका नॉर्मल है!"

दुपारभर कळा आल्या. मिनूचे बाबा धापा टाकत आले आणि माझा हात धरून बसले. सेक्शनमध्ये काय चाललंय हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाचच्या सुमाराला मॅडमनी यंत्राकडे पाहिलं, परत पाहिलं.

"संध्याजी, बच्चे की धड़कन बीच-बीच में थोड़ी गिर रही है। अभी घबराने जैसा नहीं है। थोड़ी देर और देख सकते हैं, या ऑपरेशन के लिए चल सकते हैं।"

"चलिए," मी म्हणाले.

एका क्षणात. कोणाच्या तोंडाकडे न पाहता! माझं मलाच आश्चर्य वाटलं. दाराशी दोघी येऊन पोचल्या होत्या, हातात ओल्या साड्यांची पिशवी. आईने काही विचारलं नाही, अक्कांनीही नाही. दोघींनी माझे दोन हात दाबले, आणि या वेळी माझे हात गरम होते. कमरेखाली बधिर होऊन पडले असताना मला बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी. आवाज असा की पडद्यापलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "इनसे पूछना नहीं पड़ेगा, ये खुद बताएँगी।"

दोन दिवसांनी मी पोटावर उशी धरून खाटेवर बसले होते. अंगात एक वेगळाच आत्मविश्वास आला होता. शेजारच्या खाटेवर सकाळीच एक तरुण बाई आणली होती. ती बराच वेळ चुळबुळत होती. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "दीदी, आप ही बताइए, क्या करें? मेरी सास कुछ कहती है, माँ कुछ कहती है।"

मला भरून आलं. मी तिला समोर बसवून चांगला अर्धा तास समजावलं. सासूचं ऐकू नको, आईचं ऐकू नको, नवऱ्याच्या फॅक्टरीचं तर मुळीच नको. शरीर तुझं आहे. डॉक्टरला सगळं विचार, आणि मग मनाला विचार. उत्तर आत असतं, बोलायची हिंमत पाहिजे! बोलता बोलता माझेच डोळे पाणावले.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जी दीदी," ती म्हणाली. "लेकिन मेरी तो कल ही हो गई। बिटिया बाहर दादी के पास है, धूप में। मैं तो पंखे का पूछ रही थी, चलने दूँ कि बंद कर दूँ?"

पंख्याबद्दल मात्र माझं काहीच ठरलं नव्हतं.