काला अंबला परत मिळालेलं ब्लँकेट

आधीच सांगून टाकतो... भुतं, चकवे, करणी, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. म्हणजे नव्हता. अहो, मी स्वतः आयुष्यभर इतक्या थापा मारल्यात, की दुसऱ्याच्या थापेला डोक्यात जागाच उरली नव्हती. मिसिसागाच्या आमच्या मराठी मंडळात मी बोलायला उठलो की लोक बशीत वडे भरून खुर्च्या जवळ ओढतात. बंडूकाका आता बर्फातल्या अस्वलाची गोष्ट सांगणार! ते अस्वल दर वर्षी फूटभर वाढतं. गेल्या गणपतीत तर ते माझ्या गॅरेजमध्ये मावेना. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझा राग नाही. फक्त एवढंच सांगतो, यातलं अस्वल मी वाढवलेलं नाही.

वय चौऱ्याहत्तर. कॅनडात जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्याआधी माझं ऑफिस होतं दिल्लीत, करोल बागेत, मोटारीचे पार्ट विकणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर. जिना इतका उभा की चढून आलेला माणूस पाच मिनिटं बोलूच शकत नसे, आणि तेवढ्यात मी त्याला माल विकलेला असे! धंदा सरळ होता. पानिपतच्या गिरणीतून ब्लँकेटं उचलायची आणि सरकारी खात्याला पुरवायची. थंडीत फुटपाथवर झोपणाऱ्यांना वाटतात ना, ती.

सरळ म्हटलं खरं... तर त्यातलं वाकडं कुठे होतं ते सांगतो. असा माल घेताना सरकार आधी एक नमुना पास करतं. त्या नमुन्याला दोरीनं पुठ्ठ्याचं कार्ड बांधायचं, कार्डावर तपासनीसाची आणि पुरवठादाराची, म्हणजे त्यांच्या भाषेत पार्टीची, सही, आणि दोरीच्या गाठीवर लाखेचं सील. याला म्हणतात सील्ड सॅम्पल. ते खात्याच्या स्टोअरमध्ये कपाटबंद. पुढे मालाबद्दल भांडण झालंच तर ते बाहेर काढायचं आणि शेजारी ठेवून बघायचं. सॅम्पल बोलेल ते खरं.

आमचे तपासनीस होते नाडकर्णी साहेब. सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा, टिफिनमध्ये दोन पोळ्या आणि कोरडी भाजी आणणारा माणूस. त्यांची तपासणी म्हणजे बघत राहावं. ब्लँकेटचा काठ अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून चोळायचे, मग तोंडासमोर धरून फुंकर मारायचे. पलीकडे धरलेल्या तळव्याला वारा लागला, की माल नापास. माझा चहासुद्धा घेतला नाही कधी. म्हणायचे, "बंडोपंत, तुमच्या चहात साखरेशिवाय काय काय असतं ते ठाऊक आहे मला."

मी सॅम्पल दिलं अस्सल लोकरीचं. जाड, उबदार, राजाला पांघरावं असं. साहेबांनी फुंकर मारली, तळवा पाहिला, चक्क हसले आणि सही केली. आणि पुरवलेला माल? आरपार उजेड दिसायचा. तो पोचला त्या आठवड्यात साहेब टूरवर जातील अशी व्यवस्था मी केली होती. पण बोंब झाली. चौकशी लागणार असं कळलं, तसा मी स्टोअरच्या माणसाला गाठला. त्याचा मेव्हणा माझ्याकडे नोकरीला होता, आणखी काय सांगायचं! अस्सल सॅम्पल बाहेर आलं, त्याच्या जागी पातळ गेलं, नवं कार्ड, नवी लाख. सह्या मीच केल्या, दोन्ही. अस्सल घेऊन मी त्याच दिवशी पानिपतला गेलो आणि जुने लोकरी कपडे फाडून त्यांचा भुगा करणाऱ्या मशीनमध्ये माझ्या हातानं घातलं. त्या दातांतून ते पुढे गेलं आणि मागे राखाडी कापूस पिंजल्यासारखं बाहेर पडलं... हे मी उभं राहून पाहिलंय. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

चौकशीत कपाट उघडलं. माल पातळ, सॅम्पलही पातळ. म्हणजे दोषी कोण? असलं सॅम्पल पास करणारा! नाडकर्णी साहेब सांगत राहिले, हे माझं सॅम्पल नव्हे, माझ्या सॅम्पलला मी आतून खूण केली होती. लोक हसले. रिटायरमेंटच्या तोंडावर सस्पेंड झाले आणि डाग घेऊनच घरी बसले. मी वर्षभरात कॅनडा गाठला. तिथे ही गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नाही. अस्वलाचीच सांगितली.

यंदा जानेवारीत करोल बागेतली ती खोली रिकामी करायला दिल्लीत आलो होतो. कुठून कळलं कोण जाणे, साहेबांच्या मुलीचा, माधवीचा, फोन आला. लहानपणी मी हिला चॉकलेटं द्यायचो आणि साहेब ती परत पाठवायचे.

"काका, बाबा माझ्याकडेच असतात नोएडाला. चौऱ्याऐंशी पूर्ण. एखाद्या दिवशी माझं नाव विसरतात, पण सॅम्पल विसरत नाहीत. रोज सकाळी विचारतात, सापडलं का. तुम्ही फक्त खरं काय झालं ते लिहून द्या ना. त्यांना कळतंय तोवर मला त्यांना वाचून दाखवू दे."

"अगं बेटा, बिल्कुल! संक्रांत होऊ दे, मग निवांत बसू."

माझं विमान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं होतं.

संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला जातात, काला अंब इथल्या स्मारकाला, लढाईतल्या आपल्या लोकांना नमस्कार करायला. खोलीवर बसलो तर माधवी येऊन उभी राहील, म्हणून मीही बसमध्ये चढलो. शेजारी परभणीची शबाना शेख, यूपीएससी करणारी. तिनं मला लढाईचा सगळा नकाशा तोंडपाठ म्हणून दाखवला आणि मी तिला अस्वलाची गोष्ट सांगितली.

धुकं असं, की तिळगूळ खायला आधी स्वतःचं तोंड शोधावं लागत होतं. दुपारचे साडेबारा वाजलेले आणि सूर्य कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवलेला. माइकवर भाषण चाललेलं. ते लांबलं, तसा मी हळूच सटकलो आणि बागेतल्या एका बाकावर जाऊन बसलो. भाषण आधी पुसट झालं, मग नुसती गुणगुण राहिली, मग तीही गेली. झाडांवरून पाणी टपटपत होतं. कोट ओला, टोपी ओली. मिसिसागाच्या उणे वीसमध्ये बर्फ उपसणारा मी, इथे दात वाजायला लागले. मनात काय काय तरंगत होतं... या थंडीत इथे अडकलेली ती माणसं... आणि मग, कोण जाणे का, पुलाखालची माणसं. मी पुरवलेलं पांघरून झोपलेली. त्यांचा विचार मी त्याआधी एकदाही केला नव्हता. खरं सांगतो, एकदाही नाही.

सायकलची घंटी वाजली. पानिपतला सायकलवर ब्लँकेटं विकत फिरणारे पुष्कळ, तसाच एक. मफलरमध्ये फक्त डोळे.

"बाबूजी, ठंड लग रही है?"

"नहीं चाहिए भैया. पानिपत का माल मैं खूब पहचानता हूँ."

"अच्छा? तो पहचानिए."

त्यानं गठ्ठ्यातून एक घडी काढली. काठ बोटांत धरून चोळला, तोंडासमोर धरून फुंकर मारली आणि ब्लँकेट माझ्या खांद्यांवर टाकलं. ऊन अंगावर पडावं तसं वाटलं. डोळे मिटले माझे. उघडले तेव्हा सायकल नव्हती. घंटीही नाही. पैसेसुद्धा न घेता गेला!

कोपरा सावरायला गेलो तर हाताला काहीतरी टणक लागलं. लाख. दोरी. पुठ्ठ्याचं कार्ड, पिवळं पडलेलं. त्यावर नाडकर्णी साहेबांची बारीक सही, आणि खाली माझी, शेपटीला वेटोळं काढलेली. सगळं जग ओलं होतं आणि ते ब्लँकेट मात्र कोरडं ठणठणीत.

बसमध्ये शबाना म्हणाली, "आजोबा, हे कुठून आणलं? जाताना तर नव्हतं."

मी म्हटलं, "अस्वलाचं आहे." पहिल्यांदाच माझ्या विनोदावर मला हसू आलं नाही. दिल्लीत उतरताना मी ते मुद्दाम सीटवर सोडलं. पन्नास पावलं गेलो असेन, मागून ती धावत आली. "आजोबा, तुमचं ब्लँकेट राहिलं ना!"

माझंच होतं ते. घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोनं नोएडाला गेलो. माधवीनं दार उघडलं, हातातलं पाहिलं आणि तिथेच मला थांबवलं.

"हे काय आहे?"

"सॅम्पल. खरं."

"व्वा! रातोरात बनवून आणलंत, काका? लाख पण लावली? सह्या तर काय, कुणाच्याही करता तुम्ही."

चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि ते मलाच थापेसारखं ऐकू येत होतं. उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. कपाट, मेव्हणा, सह्या, मशीन. मशीनचं सांगितल्यावर ती म्हणाली, "मशीनमध्ये घातलंत, तर मग हे कुठून आलं?"

"ते मला माहीत नाही गं."

आतून आवाज आला, "कोण आहे? माल आलाय का?"

साहेब पलंगावर बसले होते. हातापायांच्या काड्या झालेल्या. मला ओळखलं नाही. ब्लँकेट मांडीवर ठेवलं तशी बोटं आपोआप काठावर गेली. चोळला. तोंडासमोर धरून फुंकर मारली. तळवा पाहिला. मग काठाची शिवण नखानं उसवायला लागले. टाका निघेना, म्हणून माधवीनं छोटी कात्री आणली आणि दोन टाके कापले. काठाच्या आत, जिथे कुणी कधी बघणार नाही, निळ्या दोऱ्याच्या तीन फुल्या होत्या.

माधवीनं त्या फुल्यांवर बोट ठेवलं. "आईचा रेशमी दोरा... बाबा, तुम्ही मला सांगायचात, तीन फुल्या, निळ्या. मी कधी कुणाला बोलले नाही." मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "काल दुपारी बाबा झोपेत सारखे फुंकर मारत होते. मला वाटलं, ताप आला."

मी तिथेच बसून सगळं लिहून दिलं, पाच पानं, एकही अस्वल नाही. माधवीनं ते वाचून दाखवलं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"बंडोपंत ना?"

"हो साहेब."

"माल पास," ते म्हणाले. "पार्टी नापास."

आणि ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून झोपले.

विमान मी सोडलं. ती पाच पानं नोटरी करून खात्याला दिलीत, अजून बोलावणं यायचंय. वकील म्हणाला सॅम्पलही जमा करा, तर साहेब ऐकेनात. "पुन्हा त्यांच्या स्टोअरमध्ये? नाही." सकाळी आता ते काही विचारत नाहीत, असं माधवी सांगते.

ती गिरणी आता नाही. मशीनही भंगारात गेलं. काला अंबला मी परत दोनदा जाऊन आलो, तसा सायकलवाला कुणी पाहिलेला नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा. मला तरी एवढंच ठाऊक आहे, की ते ब्लँकेट मी माझ्या हातानं भुगा केलं होतं. आणि काल संध्याकाळी गेलो, तेव्हा त्याखाली साहेब घोरत होते.