केसरबाईचं लुगडं

उमाजीच्या मोपेडला वेग असा नव्हताच. जरा जोर लावला तर सायकलवालाही तिला मागे टाकी. गावातली माणसं म्हणत, उमाजीभाऊची गाडी वळणावर दिसली की चहा मांडावा, पिऊन कप विसळावा, मग रस्त्यावर यावं. उमाजीला त्याचं काही वाटत नसे. आष्टीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी त्याचं गाव. पहाटे नदीत जाळं टाकायचं आणि मग मागच्या डब्यात मासोळ्या घालून खेडोपाडी विकत फिरायचं, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गाडीत मासोळीचा वास इतका मुरला होता की डबा रिकामा असला तरी मांजरं मागे लागत.

वैशाखातल्या एका सकाळी तो नदीवरून येऊन बसतो न बसतो तोच फोन वाजला. पलीकडे त्याच्या बहिणीची सून होती. उमाजीची थोरली बहीण केसरबाई, लग्न होऊन पार सिरोंच्याकडे, प्राणहितेच्या काठी गेलेली. नदीच्या पल्याड तेलंगणा. सून पल्याडचीच; तिचं मराठी मोडकंतोडकं, आणि उमाजीचं तेलुगू मासळीबाजारापुरतं. भाचा कामाला बाहेर गेलेला, म्हणून तिनंच फोन लावला होता. ती रडत होती. रडता रडता एवढंच म्हणाली, "मामा, अत्ता पोयिंदी... अत्ता पोयिंदी." आणि फोन कटला.

पोयिंदी म्हणजे गेली, हे उमाजीला ठाऊक होतं. मासोळ्या उचलायला येणारे तेलुगू व्यापारी उठता बसता तो शब्द म्हणत. आत्ता गेली. आणखी काय सांगायचं राहिलं?

"बाई गेली," तो बायकोला, गिरजाला म्हणाला आणि मटकन ओट्यावर बसला.

गिरजानं दोन-चारदा फोन लावून पाहिला. लागेना. तिकडच्या टॉवरचं काही खरं नसतं. सिरोंच्याची एसटीही केव्हाच निघून गेली होती. बाईमाणूस गेलं की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, भावाच्या हातचं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. पण असल्या उन्हात लोक तरी किती थांबणार? गिरजानं पेटीतून स्वतःचं घडीसुद्धा न मोडलेलं, निळ्या काठाचं लुगडं काढलं आणि पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं.

"गाडीनं पोहोचसान का?" तिनं विचारलं.

"नाई पोहोचलो तं ती तशीच जाईन," उमाजी म्हणाला आणि त्यानं किक मारली.

आलापल्लीपर्यंत काही वाटलं नाही. तिथून पुढे सिरोंच्याचा रस्ता लागला आणि गाडीचे आणि त्याचे हाल सुरू झाले. कुठे डांबर, कुठे नुसती गिट्टी, कुठे घोटाभर धूळ. दोन्ही बाजूंचा साग उघडाबोडका, सावली म्हणून नाही. ट्रक गेला की उमाजी थांबायचा, धूळ खाली बसेपर्यंत डोळे मिटायचा आणि पुन्हा निघायचा. इंजिन तापलं की गाडीला विसावा द्यावा लागे. तो मात्र विसावा घेत नव्हता. गाडीभोवती फेऱ्या मारत राही आणि मध्येच हात लावून पाही, निवली का.

आई गेली तेव्हा तो रांगत होता. केसरबाईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. जाळ्याची गाठ कशी मारायची तेही तिनंच शिकवलं. आणि हा भाऊ तिच्या दारी शेवटचा कधी गेला होता? भाचा शाळेत होता तेव्हा. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. दर भाऊबीजेला तो म्हणे, रस्ता लई खराब हाये, पुढच्या साली जातो. त्याच रस्त्यावरून आज त्याची कंबर मोडत होती, आणि आज जाता येत होतं. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

जिमलगट्ट्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. पंक्चरच्या दुकानापर्यंत गाडी ढकलत नेली. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढता काढता पिशवीतून डोकावणारा निळा काठ पाहिला.

"कोन?" त्यानं विचारलं.

"बहीन."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. आधीचं काम बाजूला सारून याचं हाती घेतलं. उमाजी तिथंच बुडाखाली दगड घेऊन बसला. पाणी प्यायला तर ते हनुवटीवरूनच ओघळलं. पुन्हा गाडीवर बसताना पाय उचलेना, तेव्हा पंक्चरवाल्यानंच आधार दिला.

दिवस कलता कलता तो बहिणीच्या दारात पोहोचला. दारात माणूस नाही. रडारड नाही. तिरडीचा बांबूसुद्धा दिसेना. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. म्हणजे नेलं. थांबले नाहीत. गाडी हातातून सुटून आडवी झाली तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पिशवी छातीशी धरून तो मातीत बसला आणि मोठ्यानं रडू लागला.

"बाई वं! भावाचं लुगडं नाई भेटलं वं तुले!"

"कोन व्हय तो? काऊन बोंबलून राह्यला?"

घरामागून डोक्यावर काटक्यांची मोळी घेऊन केसरबाई आली. पार वाळली होती, पण आवाज तोच. उमाजीचं रडणं तिथंच थांबलं. आतून सून धावत आली, एकदा त्याच्याकडे, एकदा सासूकडे पाहू लागली आणि सासूकडे बोट दाखवून म्हणाली, "अत्ता! मा अत्ता!"

केसरबाईनं मोळी टाकली. "अत्ता म्हंजे सासू, येड्या! सकाळी माहं हिच्यासंगं वाजलं. मी गेली निघून. सासू निघून गेली, तुह्याकडं आली का, असं पुसत होती ते."

उमाजीला हसू आलं, हसता हसता पुन्हा रडू आलं. केसरबाईही पदर तोंडाला लावून हसली. मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. तिनं ती ओढून घेतली आणि लुगडं बाहेर काढलं. कोरं लुगडं घेऊन भाऊ धावत का आला, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. तिचं हसू विरलं.

"मेली म्हून आला तं," ती म्हणाली. "एका दिसात आला. मेल्या म्हशीले मनभर दूध."

उमाजीनं मान खाली घातली.

"बाई, तू सकाळी कुठी गेली होती?" त्यानं विचारलं.

"तुह्याकडंच निघाली होती. ठेसनावर जाऊन बसली. एसटी आली, उभी राह्यली, गेली. मी चढली नाई." ती लुगड्याचा काठ चिमटीत धरून पाहत होती. "म्हटलं, इतक्या सालांत ज्यानं ये म्हटलं नाई, त्याच्या दारात कोन्या तोंडानं जाऊ?"

उमाजीची कंबर ठणकत होती, कानात इंजिनाची घरघर अजून थांबली नव्हती, आणि हे ऐकण्यापेक्षा उशीर झाला असता तर बरं, असं वाईट काहीतरी क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. सुनेनं पाण्यानं भरलेला पितळी गुंड आणून ठेवला आणि ती त्याची गाडी उभी करायला गेली.

केसरबाई आत गेली. बाहेर आली ती निळ्या काठाचं लुगडं नेसून. तिला ते लांब होत होतं.

"हे पोहोचलं मले," ती म्हणाली. "आता मी मरन तवा जीव काढत येऊ नको. जित्ती हावो तवर जेवाले येत जा."

उमाजीला मान वर करता येईना. त्यानं गुंडातल्या पाण्यानं हात-तोंड धुतलं आणि तो तिच्या चुलीपाशी जाऊन बसला.