पुलाखालचा पहिला सूर

युलिस फोंतेनो मास्तरांनी शाळेच्या बँडमध्ये घेताना कधी कुणाची परीक्षा घेतली नाही. दारात आलेल्या पोराचे ओठ बघायचे, हाताची लांबी बघायची आणि कपाटातलं एखादं वाद्य काढून त्याच्या हाती द्यायचं. वाजवता येत नसेल तर पहिलं वर्ष मुक्यानं चालायचं: वाद्य ओठांना, पाय तालात, कान शेजाऱ्याकडे. न्यू ऑर्लिन्सच्या त्या वस्तीत कुठलं पोर मुकं चाललंय हे कुणी विचारतही नसे.

ओडेल गिद्रीबाईंना मात्र हे पटत नसे. त्या त्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आता शाळेच्या मंडळावर होत्या. शाळा सरकारी पैशावर चाले, कारभार मंडळाचा. अर्ज फार, जागा थोड्या, म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकून मुलं घेत. यंदा चिठ्ठ्यांऐवजी प्रवेशाची चाचणी घ्यावी, असा ठराव आला होता. दोन्हीकडची मतं सारखी, आणि बाईंचं तेवढं उरलेलं.

"मास्तर, भागाकार न येणारी मुलं आठवीत येऊन बसतात. त्यांना ओढता ओढता हुशार पोरं कंटाळतात. मी शिकवलंय, मला माहीत आहे."

"खरंय, बाई. पण पहिल्या दिवशी माझी परीक्षा झाली असती, तर मी आज टपाल वाटत असतो."

"टपालवाले निदान वेळेवर येतात."

मास्तर पोट धरून हसले. "उद्या कार्निव्हलच्या मिरवणुकीला या. पुलाखाली उभ्या राहा. आणि रिकाम्या हातानं येऊ नका!"

कार्निव्हलचा गोल केक घेऊन बाई हमरस्त्याच्या पुलाखाली जाऊन थांबल्या. बँड सावलीत शिरला तशी ढोलांची थाप खांबांवर आदळून परत आली. मधल्या रांगेत ट्रेनीस होती, गेल्या खेपेला चिठ्ठीत नाव निघून शाळेत आलेली. मागच्या महिन्यात शाळेने ही चाचणी आधीच्या मुलांवर करून पाहिली, तेव्हा या मुलीचा कोरा कागद बाईंनीच गोळा केला होता. आज तिच्या ओठांना लांब पितळी ट्रॉम्बोन होता. अर्थात मुकाच.

आणि मग तो वाजला.

एकच सूर, खरखरीत, थरथरता. ट्रेनीसचे डोळे विस्फारले. पुढे उलटं चालणाऱ्या मास्तरांनी तो ऐकला आणि दोन्ही हात वर धरून ठेवले. अख्खा बँड त्या सुरावर थांबला, तिचा श्वास संपेपर्यंत. वरून गाड्या धावत होत्या, खाली सारा पूल घुमत होता. बाईंच्या हातातला केक कधी कलला, त्यांना कळलंच नाही.

मंडळाच्या बैठकीत त्यांनी चिठ्ठ्यांच्या बाजूनं हात वर केला.

"भागाकाराची काळजी मला अजून आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी सकाळी मी स्वतः येऊन शिकवीन. पण दारात चाचणी नको. ती पोर दारातूनच परत गेली असती."

मागच्या बाकावरून मास्तरांचा आवाज आला, "वेळेवर या हं, बाई!"