सिनेमाच्या आधी वाटलेलं पत्रक

चौकात कुणी हातात पत्रक दिलं, तर तुम्ही त्यातल्या किती ओळी वाचता?

माझे बाबा म्हणायचे, तीन. नांदेडला आमच्या घरात खाटेखाली बाबांच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि उमरी, हिमायतनगरच्या आठवडी बाजारांत ती वाटतच मी मोठी झाले. वाचणारा घाईत असतो, हातात भाजीची पिशवी असते, म्हणून सगळं म्हणणं वरच्या तीन ओळींत आलं पाहिजे, ही घरची शिकवण. ती मला आजही पटते. मी ती वापरली भलत्याच जागी.

बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेची पुन्हा तयारी करायला मी लातूरला आले. खोलीत सोबतीला उदगीरची एक मुलगी होती, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. एकदा आम्ही मोबाईलवर डोळ्याच्या रचनेचा धडा पाहत होतो. तो संपला आणि आपोआप दुसरा व्हिडिओ सुरू झाला: चित्रकार सावलीत काळा रंग का भरत नाहीत. तो पाहिला. मग चित्रांवरचे आणखी, मग तत्त्वज्ञानाची व्याख्यानं, मग खाली अक्षरं येणारे परदेशी सिनेमे. मी त्यांत विचार शोधायचे. ती बोटांवर काहीतरी मोजायची. विचारलं तर म्हणाली, शॉट कुठंकुठं जोडलेत ते बघायले. चार महिन्यांत तिनं ठरवून टाकलं, डॉक्टर व्हायचं नाही, सिनेमाचं संकलन शिकायचं.

रविवारी टेस्ट संपली की दुपारी घरमालकीणबाईंच्या टीव्हीवर आम्ही सात-आठ जणी सिनेमा लावायचो. निवडायची मीच. आधी प्रत्येकीच्या हातात एक झेरॉक्स द्यायचे, सिनेमा काय सांगतो ते लिहिलेली. मुली म्हणायच्या, पेपर फुटला गं, आता बघायची गरज न्हाई. सिनेमानंतर कुणी वाद घालत नसे. सगळ्यांना पटलंय, असं मी समजत होते.

संकलनाच्या कोर्सच्या फॉर्मवर तिच्या वडिलांची सही लागणार होती. ते तिला म्हणाले, तू काय बघतीस ते मी येऊन बघतो, मग सांगतो. एका रविवारी ते उदगीरच्या बसनं आले. कपाळावर विभूती, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मुलींसाठी आणलेला चिवडा. त्या दिवशीचा सिनेमा मी मुद्दाम निवडला होता: एका म्हाताऱ्याच्या कापडदुकानाचा शेवटचा आठवडा. संवाद जवळजवळ नाहीतच. मी त्यांनाही झेरॉक्स दिली.

वरच्या ओळी अशा होत्या: दुकान हा तुरुंग आहे. बापाची माया हे मालकीचंच दुसरं नाव आहे. मुलीनं दार उघडून निघून जावं.

त्यांनी उभ्यानं पूर्ण पान वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून.

"हे माझ्या लेकीनं लिहिलं का?"

मी लिहिलंय, असं मी म्हणाले.

"सिनेमात हेच हाय?"

सार हेच आहे काका, असं मी ठामपणे सांगितलं.

"मग बसून काय करू? कळलं की."

त्यांनी कागदाची चौपदरी घडी घालून खिशात ठेवली. मुलगी म्हणाली, अप्पा, दहा मिनिटं तरी बघा. ते म्हणाले, "बघितल्यावर येगळं दिसणार हाय का? तुझी मैत्रीण तर न्हाई म्हणती." आवाज चढला नव्हता. ते पाणी प्यायले, घरमालकीणबाईंना पावसापाण्याचं विचारलं आणि निघाले. पुढच्या रविवारी येऊन तिला, तिची पेटी आणि गादी घेऊन गेले. फॉर्मची मुदत ती दुकानात असतानाच संपली.

कित्येक आठवडे मी त्यांनाच दोष देत होते.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. भर दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तिनं मोबाईल कापडाच्या थानाला टेकवून तोच सिनेमा लावला होता. बापाला काहीच सांगितलं नाही. ते आधी लांबून बघत होते, मग स्टूल ओढून जवळ बसले. म्हाताऱ्यानं फळीवरून कापड काढलं तेव्हा म्हणाले, "थान उलटं धरलंय त्यानं. पण हात दुकानदाराचाच हाय." मधेच गिऱ्हाईक आलं, तर त्यालाही बसवून घेतलं. सिनेमातली मुलगी जाते तिथं त्यांनी स्टूल आणखी पुढं ओढलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, अजून असले हायत का.

मी तो सिनेमा तीनदा पाहिला होता. थान मला दिसलं नव्हतं.

फॉर्मचं विचारलं तर ती म्हणाली, अजून बोलले नाहीत. यंदा पुन्हा फॉर्म निघतील तेव्हा बघू. मी त्यांना चिठ्ठी लिहू का, असं विचारलं. "नको. तू काहीच लिहू नकोस," ती म्हणाली.

म्हणून त्यांना नाही, तुम्हाला लिहिते आहे. या आठवड्यात तुम्हाला आवडलेला एक सिनेमा घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याला तो आवडणार नाही अशी तुमची खात्री आहे. शेजारी बसा. आधी काही सांगू नका, आणि संपल्यावर ते माणूस बोलेपर्यंत थांबा.